कात्रीची रेघ

प्रदर्शनासाठी हॉलच्या भिंतीवर टाचलेलं कात्रीचं चित्र मास्तरांना लांबूनच दिसलं. हरखून जवळ गेले आणि पाय थबकले. खाली नाव त्यांचंच होतं, पण कात्रीची पाती सरळसोट, पट्टी लावून आखावीत तशी.

मास्तर शिंपी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात थरथरायचा. दुकानाला दीड वर्षं कुलूप. मन रमावं म्हणून बाईंच्या चित्रकलेच्या वर्गात यायचे. तिथे सगळ्या तऱ्हेची माणसं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला एकच हात, तर कुणाचे दोन्ही हात धड असून घोडा काढायला घेतला की गाढव उतरायचं. बाईंचा नियम एकच, ज्याचा कागद त्याचा. काही दाखवायचं झालं तर त्या स्वतःच्या चिठोऱ्यावर काढून दाखवत; दुसऱ्याच्या कागदाला त्यांची पेन्सिल कधी शिवली नाही. मास्तरांची पहिली वेडीवाकडी रेघ पाहून म्हणाल्या होत्या, "ही थरथर देवाने तुमच्या एकट्याच्या हातावर ठेवलीय, मास्तर. ती पुसायची नाही."

तेवढ्या बोलण्यावर मास्तरांनी पाच आठवडे कात्री काढली होती. हात निसटू नये म्हणून पेन्सिल दाबून, दाबून.

"बाई, ही माझी नव्हे."

बाई पाहुण्यांसाठी खुर्च्या लावत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुमचीच आहे हो. मी जराशी नीट केली. मोठी माणसं येणार आज. कुणी हसलं असतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं ना?"

"वर्गात कुणी हसलं नाही."

बाईंनी सरळच असलेली एक खुर्ची पुन्हा सरळ केली. "वर्ग वेगळा, मास्तर."

तेवढ्यात मास्तरांची बायको आली. ठेवणीतली साडी, कपाळावर घाम. चित्राला नाक लावून उभी राहिली. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "अहो, हात बरा झाला आणि मला घरात पत्ता नाही?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली; तिचं लक्ष चित्रातच.

"जशीच्या तशी काढलीत की. आज घरी गेल्यावर खऱ्या कात्रीला धार लावून आणते. उद्या कुलूप काढू या. आणि पहिला कपडा माझा शिवायचा, सांगून ठेवते. गिऱ्हाइकं मागून."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खुर्च्यांची मघाचीच रांग पहिल्यापासून मोजू लागल्या होत्या.

त्यांनी बायकोचं बोट हातात घेतलं आणि पात्याच्या सरळ रेघेशेजारी, कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर टेकवलं. तिथलं शिसं खोडरबराने गेलं होतं. दाबून पडलेली खाच गेली नव्हती. खाचेतून बोट निघालं. जरा वर गेलं, घसरलं, अडखळलं, पुन्हा चढलं. मास्तरांचा थरथरता हात तिच्या हातावर होता, आणि बोट कुठेही खाचेबाहेर गेलं नाही.

टोकाशी येऊन ते थांबलं.

"ही माझी," मास्तर म्हणाले.

बायकोने बोट उचललं नाही. हळूच विचारलं, "आणि ती सरळ?"

"ती पाहुण्यांसाठी."