मडमबाईंचा वार

मिशनरी वेल्टन साहेबांची फोर्ड मोटार वेशीपाशी थांबली तेव्हा हलगी वाजतच होती. साहेब उतरले, टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि आवाजाच्या रोखानं चालू लागले. मागून मुक्ताबाई निघाली. ती मिशनची बायबलबाई. सोलापुराभोवतालच्या गावांत हिंडून बायकांना शुभवर्तमान सांगायची. आज पुस्तक तिनं पदराखाली धरलं होतं.

"तुम्ही मागे थांबा," साहेब म्हणाले. पंडितांकडून शिकलेलं त्यांचं मराठी रागावल्यावर आणखीच शुद्ध होई. "हा प्रकार मी आज बंद करणार आहे."

"मी येती की. माजी पोर बी तितंच हाय."

साहेब तसेच पुढे निघाले.

गावाबाहेर बाभळीखाली दोन कबरी होत्या. मोठी मडमबाईंची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची. शेजारची लहान, मुक्ताबाईच्या एस्तरची. मागल्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली तेव्हा मडमबाई औषधाची पेटी घेऊन याच गावात राहिल्या, आणि शेवटी त्या आणि एस्तर एकाच दिवशी गेल्या. एस्तर मडमबाईंचं बोट धरून देवाजवळ पोचली, असं साहेबांनी मुक्ताबाईला कबरीपाशी सांगितलं होतं. त्यानंतर ख्रिस्ती मंडळीतली घरं एकेक करून जुन्या देवांकडे परतली. मिशनच्या शाळेला कुलूप लागलं. दर वेळी साहेब म्हणाले, देवावर भरवसा ठेवा. मुक्ताबाईनं ठेवला. आता गावोगावच्या बायका तिला हसायच्या, तरी ती हिंडत होती. साहेबांनी कबरीपाशी सांगितलेल्या त्या एका वाक्यावर ती उभी होती.

कबरीच्या दगडावरची इंग्रजी अक्षरं शेंदरानं बुजली होती. वर हिरव्या बांगड्या, नारळ, खण आणि औषधाची एक रिकामी बाटली. सारं गाव जमलं होतं. साहेबांच्या प्रवचनाला एवढी माणसं कधी आली नव्हती, हेही खरंच.

निंगप्पा पाटील सामोरा आला. "या साहेब. बऱ्या दिवशी आला. आज मंगळवार, मडमबाईचा वार हाय."

"वार कसला? माझी पत्नी मेली, पाटील. ती देवाजवळ आहे. तिथून कोणी परत येत नाही."

"न्हाय कसं? दर मंगळवारी येती की. अक्कम्माच्या अंगात येती." निंगप्पा समजूत काढावी तसा बोलत होता. "आमी तिला इसरलो न्हाय, साहेब. तुमी कशापायी रागावता?"

साहेब माणसांतून वाट काढत पुढे गेले.

गवळ्याची सून अक्कम्मा मोकळ्या केसांनी घुमत होती. कबरीसमोर ओळीनं पोरं बसवलेली. एकेकाची हनुवटी वर करून ती जिभेवर अंगारा ठेवत होती.

"टोंड उगड," ती म्हणत होती. "गाबरू नको. टोंड उगड."

साहेब जागच्या जागी थिजले. बायकोही 'त'चा असाच 'ट' करायची; तो सुधारायला त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती आणि हात टेकले होते. गावानं तो रोज ऐकलेला. तो गावातल्या बाईच्या जिभेवर बसणारच. हनुवटी उचलायची ती लकबही सगळ्यांनी पाहिलेली. हे सगळं त्यांना नीट कळत होतं, आणि तरी अंगावर काटा आला.

"अक्कम्मा, हे थांबव." आवाज हवा तेवढा चढला नाही.

अक्कम्मा वळली. त्यांच्याकडे बघत राहिली आणि मायेनं हसली.

"टुमी जेवला?"

होकार अगदी ओठांवर आला होता. साहेबांनी ओठ आवळले आणि डोळे मिटून प्रार्थना आठवू लागले. एक शब्द सुचेना, ना इंग्रजीत ना मराठीत. वर्षभर ते दुसऱ्यांना भरवसा वाटत फिरले होते. आपल्यापाशी किती शिल्लक आहे ते कधी बघितलं नव्हतं. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

डोळे उघडले तेव्हा मुक्ताबाई त्यांच्या अगदी शेजारी होती. पदराखालचं पुस्तक काढून तिनं त्यांच्या हातात दिलं, क्षणभर धरा म्हणावं तसं. मग पुढे झाली आणि अक्कम्मापुढे गुडघे टेकून बसली. मिशनच्या देवळात प्रार्थनेला बसायची, तशीच.

"मुक्ताबाई, उठा," साहेब म्हणाले.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मडमबाई," ती म्हणाली, "तुमी हितंच ऱ्हायला, मग माजी एस्तर कुनासंगं गेली?"

अक्कम्माचं घुमणं मंद झालं. तिचे ओठ हलले, पण हलगीच्या आवाजात काही कळलं नाही.

साहेबांनी मुक्ताबाईला थांबवायला हात वर केला. हलगीवाल्याला वाटलं, खूण आपल्यालाच आहे. त्यानं हलगी बंद केली. सगळा माळ एकदम गप्प झाला.

साहेबांचा हात तसाच वर राहिला. कुणी खोकलं तर त्यांनी त्याच हातानं त्याला गप्प केलं, आणि मुक्ताबाईच्या मागून तेही कान अक्कम्माच्या ओठांकडे करून खाली वाकले.