दुकानातली चव

दुकानातल्या फळीवर धूळ होती आणि त्या धुळीत बाटल्यांच्या बुडांची पाच वर्तुळं होती. चार अगदी लख्ख. पाचव्यावर मात्र धुळीचा पुसटसा थर बसला होता. म्हणजे एक बाटली एक-दोन दिवसांपूर्वी गेली होती आणि उरलेल्या चार आजच. आणि त्यांतली एकही धाकटीने नेलेली नव्हती.

एरवी तिला आनंद झाला असता. घरच्या छोट्याशा वाइनरीची लाल वाइन दुकानात ठेवली, की महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम ठोकायची. पण या वेळी ती स्वतःच आपली वाइन विकत घेत दुकानं पालथी घालत सुटली होती. गाडीची डिकी खोक्यांनी भरली होती. माल पोचवायला थोरला भाऊ जायचा, त्यामुळे तिला कुठे कोणी ओळखत नव्हतं. थोरल्याचे पाय मात्र जमिनीवर नव्हते. मागणी वाढलीय, असं सांगत तो रिकाम्या फळ्या पुन्हा भरून येई आणि धाकटी त्या पुन्हा रिकाम्या करी.

हा सगळा खटाटोप बाबांमुळे होता. बाबा आपली वाइन घरच्या पिंपातून कधीच चाखत नसत. तिथून चाखायची म्हणजे पोराचा पेपर आईनेच तपासायचा, असं त्यांचं म्हणणं. नव्या हंगामाच्या तोंडावर ते अनोळखी गिऱ्हाईक होऊन दुकानात जात, मागच्या वर्षीची एक बाटली विकत घेत, घरी येऊन एकटेच पीत आणि मग जाहीर करीत, यंदाची द्राक्षतोडणी अमुक दिवशी. त्यावर कोणी ब्र काढत नसे.

मागच्या हंगामात बाबा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. त्यांनी सांगितलेल्या दिवशी मजूर मळ्यात हजर झाले. धाकटीने एक मणी तोंडात टाकला. रस गोड होता, पण बी अजून हिरवी होती आणि दाताखाली कडू लागली. तिने मजुरांना परत पाठवलं. बिया तपकिरी होईपर्यंत ती थांबली. बाबांना मात्र सांगितलं, मजूरच मिळाले नाहीत.

त्या द्राक्षांची वाइन गडद झाली, तुरट झाली. बाबांच्या वाइनचा मऊपणा तिच्यात औषधालाही नव्हता. धाकटीला ती फार आवडली. पण बाबांनी एकदा तोंड वाकडं केलं, की पुढची सगळी वर्षं त्यांच्याच तारखेची. त्यांच्याशी एकदा सरळ बोलायला हवं होतं. त्यासाठी धीर गोळा व्हायला हवा होता, आणि तोवर बाटली त्यांच्या हाती लागायला नको होती.

"इथल्या बाटल्या कोणी नेल्या?" तिने दुकानदाराला विचारलं.

"एक काका आले होते काठी टेकत. परवा एक नेली. आज सकाळी दुकान उघडतोय तोच पुन्हा हजर. म्हणाले, असतील तेवढ्या द्या."

काठीवरून धाकटीने ओळखलं. "काही बोलले?"

"आणखी कुठे मिळेल विचारत होते. म्हटलं, काका, नाद सोडा. एक बाई आहे, सगळ्या दुकानांतून हीच उचलते. आम्ही दुकानदार बोलतो ना आपसांत. नवरा पट्टीचा पिणारा असणार बिचारीचा." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कशाला हवी होती, ताई?"

"नवऱ्यासाठी," धाकटी म्हणाली. तिचं लग्न अजून व्हायचं होतं.

"कोणत्या?" मागून आवाज आला.

दारात बाबा काठीवर रेलून उभे होते. दुसरीकडे कुठेच मिळाली नाही, तेव्हा पुढचा माल आला की आपल्यासाठी बाजूला ठेवा, हे सांगायला ते परत आले होते.

दोघं बाहेर गाडीपाशी आली. धाकटीने डिकी उघडली. बाबांनी काठीच्या टोकाने एक खोकं ढोसून पाहिलं.

"म्हणजे ती बाई तू."

"आणि ते काका तुम्ही. घरी पिंपं भरलेली असताना विकत कशाला घेताय?"

"घरी मागितली असती, तर तुम्हा पोरांना कळलं असतं ना आवडली ते." बाबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "जन्मभर तारखा मी दिल्या. आणि मजुरांनी दांडी मारली त्या वर्षी ही अशी निघाली. मजुरांपुढे हरलो हे कोणत्या तोंडाने सांगू?"

धाकटीला हसू आवरेना. बाबाही ओशाळून हसले.

"मुकादमाच्या कानावर घालून ठेव," ते म्हणाले. "यंदाही दांडी मारा म्हणावं. पण मी सांगितलं म्हणून नको सांगूस."

बरं, असं नुसतं म्हटलं असतं तरी सगळं निभावून गेलं असतं. तोडणी उशिरा झाली असती, वाइन मनासारखी झाली असती, बाबांचा मानही राहिला असता. ‘बरं’ तिच्या ओठांवर आलंसुद्धा. तिने डिकी बंद केली.

"मजूर वेळेवर आले होते, बाबा. मी परत पाठवले त्यांना."

बाबांनी काठी गाडीला टेकवून ठेवली.

"आणि यंदा?"

"यंदा तोडणीचा दिवस मी सांगेन," धाकटी म्हणाली. "मजुरांनाही आणि तुम्हालाही."