बागेतले नातेवाईक

चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आलेल्या लेकीला महिना होत आला होता. खरं काय ते सांगायचं असं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. फोन वाजला तरी ती दचकायची. थंडी सरली तसे बाबा तिला सकाळी बागेत न्यायला लागले. तिथे त्यांचा जुना खेळ चालायचा, हाताला लागेल त्यात घरातलं माणूस शोधायचा.

"हा गोटा बघ, थेट तुझा काका! टकलासकट. आणि ही काटेरी शेंग म्हणजे तुझी आई. वरून टोचते, आत नुसता कापूस."

ती हसली. समोरच्या झाडाला कोवळी पालवी फुटली होती. एका फांदीला मात्र मागच्या वर्षीचं वाळकं पान अजून चिकटून होतं.

"बाबा, ते मी," तिच्या तोंडून निघून गेलं. "उगाच धरून बसलेय. मला नाही जायचं परत त्या घरी."

बाबांनी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू आलीस त्याच रात्री आईनं कपाटातले दोन कप्पे रिकामे केलेत. तू कधी बोलतेस, याचीच वाट बघत होतो."