कृष्णाबाईंच्या शेजारची खुर्ची

"आजी, पदक तुमच्या नावाचं. पण तुम्हाला कधी मिळालंय का हो?"

हर्षितानं माइकमध्येच विचारलं. सभागृहात हशा पिकला. 'विचारून दाखव, नाहीतर चुरमुरी तुझ्याकडून', अशी पैज लावणाऱ्या पवित्रा आणि श्वेतानं तिसऱ्या रांगेत तोंडावर हात धरले. हर्षितानं पैज जिंकली. आज ती सगळंच जिंकत होती! देशी आयरिसच्या नव्या जातीला दिलं जाणारं कृष्णाबाई पदक यंदा तिच्या निळ्या आयरिसला मिळालं होतं. कोरमंगलाच्या गच्चीवर, ब्रशनं पराग लावून तिनं स्वतः तयार केलेला आयरिस.

कृष्णाबाई व्यासपीठावर उंच पाठीच्या खुर्चीत होत्या. अंगावर शाल, मांडीवर नारळ. दरवर्षी अशाच.

"नाही गं," एवढंच म्हणाल्या. मग वाकून समोर मांडलेल्या हर्षिताच्या कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं. "गड्डा खोल पुरलास. त्याची पाठ उन्हात उघडी ठेवायची. पुढच्या खेपेला बघ कसा फुलतो."

पुढच्या खेपेला! हर्षिताच्या डोक्यात पुढचा आयरिस कधीच फुलला होता. पिवळ्या कडेचा. रोपं गच्चीवर वाढत होती.

तेवढ्यात अप्पांनी माइक घेतला. तिचे अप्पा, त्रिविक्रमराव, पुष्पमंडळाचे चिटणीस.

"मंडळानं एकमतानं ठरवलंय. पुढच्या वर्षापासून नवं बक्षीस. हर्षिता चषक!"

टाळ्यांचा कडकडाट. आईनं डोळे पुसले. पवित्रानं शिट्टी मारली. कुणीतरी कृष्णाबाईंच्या शेजारी तसलीच दुसरी खुर्ची आणून ठेवली. हर्षिताला तीत बसवलं. अंगावर शाल पडली, मांडीवर नारळ आला.

"स्वल्प मान वर," फोटोग्राफर म्हणाला.

शाल टोचत होती.

"आजी, तुम्ही अजून आयरिस लावता?" तिनं हळूच विचारलं.

"लावते की. यंदा एक आलाय, तुझ्याहून सरस." कृष्णाबाईंचे डोळे क्षणभर चमकले. "पण आणणार कुठे? ज्याच्या नावाचं बक्षीस, त्यानं स्पर्धेत उतरायचं नाही. निकालावर कुणी बोट ठेवू नये म्हणून मंडळाचा नियमच आहे. आमचे हे तेव्हा अध्यक्ष होते. कौतुकानं माझं नाव दिलं. मीपण तुझ्यासारखीच हरखून बसले होते या खुर्चीत."

"हसा, हसा!" फोटोग्राफर ओरडला.

हर्षिताला हसू येईना. उजवीकडे हारांचा ढीग, डावीकडे समई, समोर पाहुण्यांची रांग. उतरायला वाट नव्हती. पिवळ्या कडेचा तो आयरिस तिला दिसला. गच्चीवर एकटाच फुललेला. मग सुकलेला.

तिनं नारळ फोटोग्राफरच्या हातात दिला आणि उठली. आई पेढा घेऊन वर आलीच होती.

"अप्पा, आई, मला माझ्या नावाचा चषक नको. पुढच्या वर्षी मी स्पर्धेत आहे."

अप्पांनी माइकवर हात ठेवला. "अगं, सगळ्यांसमोर जाहीर झालंय!"

"मग सगळ्यांसमोरच मागे घ्या."

"सरी, बरं, घरी बोलू."

"नाही. इथेच."

मागे खुर्ची करकरली. हर्षितानं वळून पाहिलं. कृष्णाबाई उभ्या होत्या. शालीची घडी घालत होत्या.

"आणि अप्पा, पदकालाही दुसरं नाव शोधा," हर्षिता म्हणाली. "मला हरवायला आजी येतायत."