उष्ट्याची बादली

यशूनं चौथी पुरी तोंडात कोंबली, तेव्हा भावनाआत्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"बास की गं आता. लोक बघतायत."

यशूनं मान वर केली नाही. बटाट्याची भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि भाताकडं वळली. दहा-अकरा वर्षांची पोर, अंगावरचा पांढरा फ्रॉक काखेत उसवायला आलेला. समोर भिंतीला टेकवून तिच्या बापाचा, राजरत्नचा, फोटो ठेवला होता. त्याच्याच पुण्यानुमोदनाचं हे जेवण. वंदना आटोपली होती आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या दोन खोल्यांत, बाहेर जिन्यापर्यंत, माणसं जेवायला बसली होती.

"बाप जाऊन आठवडा नाही झाला, अन् पोरीची भूक बघा," एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली.

ते आजोबांनी, धोंडिबांनी, ऐकलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीभ म्हणायची का काय! भूक म्हणजे काय असते हे या बायांना कुठून कळणार? धोंडिबांना ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात बार्शीकडच्या गावात त्यांनी वाटीभर सरकारी सुकडीसाठी मार खाल्ला होता. पुढं इकडं आले, शहाडच्या कंपनीत लागले, घर झालं, पोरं झाली, पण ती वाटी काही डोक्यातून गेली नाही. त्यांच्या घरात ताटात शीत राहिलेलं चालत नसे. जेवण झालं की ते स्वतः ताटात पाणी ओतत, बोटानं फिरवत आणि पिऊन टाकत. उष्ट्याची बादली या घरात कधी आलीच नाही. आज केटरिंगवाल्यानं एक आणून दाराशी ठेवली होती. तिच्यात पडलेला पांढराशुभ्र भात बघून म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

गेल्या वर्षी शाळेत तपासणी झाली, तेव्हा यशूचं वजन वयाच्या मानानं फार निघालं. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं.

"एकट्या पोरीला पथ्यावर ठेवू नका. अख्ख्या घराचं खाणं बदला. तळलेलं, थंड पेयं घरात आणूच नका. संध्याकाळी सगळे मिळून चालायला जा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी पोचेपर्यंत त्यातलं एवढंच उरलं, की यशूनं अर्धं खायचं. बाकी काही हललं नाही. रविवारी सकाळी नाश्त्याला तळलेलं दाल-पकवान यायचंच. कॅम्प दोनच्या बाजारातून राजरत्न येताना दाबेल्या आणायचा, कधी जिलेबी. पोरीला वाईट वाटू नये म्हणून तिलाही ताट भरूनच वाढायचे आणि ती अर्ध्यावर आली की तिची आई, संध्या, म्हणायची, "बास, यशू."

आणि उरलेल्या अर्ध्याचं काय? धोंडिबा नुसते खाकरायचे. तेवढं पुरे असायचं. यशू ताट डावीकडं बापापुढं सरकवायची. राजरत्न हसून ते ओढून घ्यायचा.

"मी असताना बादली कशाला पाहिजे?"

सगळे हसायचे. धोंडिबा तर खूशच व्हायचे. आपला लेक अन्नाची किंमत जाणतो, आणखी काय हवं!

राजरत्न दिवसभर जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसून असायचा. शर्टाची बटणं ताणली, जिना चढताना धाप लागायला लागली. घरात महिन्याच्या महिन्याला वजन व्हायचं ते यशूचं. त्याच्याकडं कुणी पाहिलंच नाही. सोमवारी मशीनवरच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता. "यांची शुगर कधी तपासली होती?" तिथल्या डॉक्टरनं विचारलं. ती कधी तपासलीच नव्हती.

आज राजरत्नच्या जागेवर, यशूच्या डावीकडं, धोंडिबा बसले होते. पोरीचा घास आता तोंडातल्या तोंडात फिरत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. ताटात अजून भाताचा ढीग आणि बुंदी होती.

"यशू, अर्धं झालं ना? ठेव आता," संध्या लांबून म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

यशूनं मान हलवली आणि आणखी एक घास कोंबला. तिला उबळ आली.

"नसंल जात तर राहू दे, बाळा," धोंडिबा म्हणाले आणि नेहमीच्या सवयीनं त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं. टाकायचं नाही."

यशूनं दोन्ही हातांनी ताट घट्ट धरलं.

"नाही देणार! माझं अर्धं खाऊन खाऊन पप्पा गेले. आता तुम्ही खाल, मग तुम्ही पण जाल."

संध्यानं तोंडाला पदर लावला. धोंडिबांचा हात तसाच पुढं राहिला. पोर एवढे दिवस हे पोटात घेऊन फिरत होती आणि आपण तिच्या ताटाकडं बघत बसलो. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी तिची बोटं हळूच सोडवली. ताट उचललं. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत दाराकडं निघाले.

"आबा, टाकायचं नसतं!" यशू मागून रडत ओरडली.

धोंडिबांनी ताट बादलीत उपडं केलं.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," ते म्हणाले. "ही बादली या घरात मीच येऊ दिली नव्हती."