उचला ना, काका!

"तुमच्या अपडेटनं माझ्या फोनचा खुळखुळा केला," असं चिपळूणच्या कुलथेकाकांनी मोबाइल कंपनीच्या पानावर लिहिलं होतं. "हिरवं बटण दाबतो, पण फोन उचललाच जात नाही. दुबईहून लेक रोज करते आणि मी नुसता बघत बसतो." खाली नंबर दिला होता.

नव्या अपडेटला लोक आठवडाभर शिव्यांची लाखोली वाहत होते. साहेबांनी सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर चिकटवायला सांगितलं होतं. तक्रारींना उत्तरं देणाऱ्या मृण्मयीचा हात इथे मात्र थबकला. तिने लिहिलं, "काका, चूक आमची. बटण बदललं, पण सांगितलं नाही. आता मीच फोन करते. बटण दाबू नका, बोटाने वर सरकवा."

फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा तेच. साहेब मागे येऊन उभे राहिले. तरी तिने पुन्हा नंबर लावला.

"हॅलो!" कानठळ्या बसवणारी आरोळी आली. "जमलं हो! आता ठेवा लवकर, लेकीचा फोन यायचाय!"

त्यांनी फोन ठेवलासुद्धा. साहेबांनी हसत शेजारची खुर्ची ओढली. "पुढची तक्रार कुणाची? नंबर सांग, मी लावतो."