ठरलेलं असेल तर

वहीत ‘वी विल कमिंग’ लिहिलं म्हणून मी भर वर्गात माझ्या मुलाच्या हातावर पट्टी मारली होती. सहावीत होता, माझ्याच शाळेत. घरी येऊन पुन्हा घोकून घेतलं. नुसतं मनात असेल तर ‘विल कम’, सगळं ठरलेलं असेल तर ‘आर कमिंग’. मराठीत दाराबाहेर पडणारा माणूससुद्धा "येतो" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. इंग्रजीत तशी पळवाट नाही.

आज सकाळी त्याचा कॅनडाहून मेसेज आला. हिला इंग्रजी येत नाही, म्हणून माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, "अहो, मोठ्यानं वाचा ना!"

"वी विल कम फॉर दिवाळी."

"म्हणजे येतोय! यंदा अनारसे करायचेच."

विल कम. म्हणजे तिकीट काढलेलं नाही. हे मी तिला सांगितलं नाही. खाली आणखी एक ओळ होती, ती मी मनातच वाचली.

‘वी आर सेलिंग द हाउस इन ऑगस्ट.’

हेच घर. दोन वर्षांपूर्वी मीच हौसेनं त्याच्या नावावर केलं होतं. आर सेलिंग. म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा ठरलं. आणि दिवाळी ऑगस्टनंतर येते.

"आणखी काय लिहिलंय हो?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी फोन उलटा ठेवला. "व्याकरण पक्कं झालंय त्याचं. एकही चूक नाही."